नकली कन्सोल, खरा कन्सोल

पडद्यावरच्या नकली कन्सोलमध्ये प्रोग्राम सतरा वेळा चालला होता. टेबलावरच्या खऱ्या कन्सोलमध्ये एकदाही नाही. प्रोग्राम तोच, अक्षरसुद्धा बदललेलं नाही. मग असं का?

कृत्तिका अकरा वर्षांची होती आणि असली कोडी तिला एरवी आवडत. एरवी म्हणजे आई शेजारच्या खुर्चीत बसलेली असताना. आता आई दीडशे मीटर लांब, बोगद्याच्या टोकाला पंपघरात होती, आणि पंपघराचं छत पातळ होतं.

भिंतीवरच्या फोनमधून आईचा आवाज आला. "आतलं बंद. बाहेरचं उघडलं. चार मिनिटं."

"बिल्ल्याचा रंग?" शरयूमावशीनं विचारलं.

"पिवळाच आहे गं."

मावशीनं कृत्तिकाकडं पाहिलं. आई खरं सांगत असली की इतक्या पटकन सांगत नाही, हे दोघींना माहीत होतं.

हे सगळं चंद्रावर, एका छोट्या तळावर चाललं होतं. तळावर माणसं तीनच: दगडांचा अभ्यास करणारी गार्गी, म्हणजे आई, पंप, नळ आणि पंखे सांभाळणारी शरयूमावशी, आणि कृत्तिका. मावशी नात्यानं कुणाची कुणी नव्हती आणि कुठल्या कॉलेजातही गेली नव्हती. बंद पडलेलं यंत्र उघडायचं, आत काय आहे ते बघत बसायचं, आणि न समजलेलं वाचून काढायचं, एवढ्यावर ती इथवर पोचली होती.

सकाळी नाश्त्याच्या वेळी सौरवादळ (सूर्याकडून सुटलेल्या वेगवान कणांचा मारा) सुरू झालं. पृथ्वीवर अशा वेळी हवेचं जाड पांघरूण असतं. चंद्रावर फक्त डोक्यावरची माती. कृत्तिका आणि मावशी होत्या त्या आसराखोलीवर ती चार मीटर होती, पंपघरावर जेमतेम हातभर. वादळ तीन दिवस चालेल, असा मोठ्या तळावरून निरोप आला होता. मोठा तळ चाळीस किलोमीटरवर, आणि वादळात तिथून कुणी येऊ शकत नव्हतं.

पंपघरात हवा शुद्ध करणारी कोठी होती. तिच्यात दाणे भरलेले. आतलं झाकण उघडलं की आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्या दाण्यांना चिकटायचा. मग आतलं झाकण लावायचं, बाहेरचं उघडायचं. दाणे तो वायू बाहेरच्या पोकळीत सोडून द्यायचे. दर चार मिनिटांनी ही अदलाबदल. नियम एकच: दोन्ही झाकणं एकाच वेळी कधीही उघडी ठेवायची नाहीत. ठेवली तर खोलीतली सगळी हवा भसकन तळाबाहेर. आणि काम दहा मिनिटं थांबलं तरी दाणे ओल धरून त्यांचा गठ्ठा होणार, मग कोठी कायमची गेली.

रोज हे काम कंट्रोलर (झाकणं आपोआप फिरवणारा छोटा कॉम्प्युटर) करायचा. आज सकाळपासून तो सहा वेळा वेडा झाला होता. म्हणून झाकणांची चाकं हातानं फिरवायची पाळी आली. पहिले तीन तास मावशी बसली. तिच्या छातीवरचा बिल्ला (अंगातून किती किरणं गेली ते रंगानं दाखवणारा) पिवळ्याचा नारिंगी आणि नारिंगीचा लाल झाला, तेव्हा आईनं तिला जवळजवळ ढकलून बाहेर काढलं आणि स्वतः बसली. त्यालाही आता दोन तास होत आले होते. तिसरं माणूस कृत्तिका, आणि मुलांना तिकडं मनाई.

"लांब वायर टाकून इथूनच बटण का नाही दाबत?" कृत्तिकानं सकाळीच विचारलं होतं.

"दीडशे मीटर वायर लागेल. आपल्याकडे चाळीस आहे," मावशी म्हणाली. "उरलेली मीच गेल्या महिन्यात मोठ्या तळाला देऊन टाकली. मोठ्या मनानं." आणि कपाटातून तिनं तो जुना कन्सोल काढला होता.

पृथ्वीवरून येताना प्रत्येकाला एक किलो खासगी सामान आणता येई. लोकांनी फोटो आणले, देव आणले, लोणचं आणलं. मावशीनं तिच्या मामाच्या लहानपणचा, टीव्हीला जोडून खेळायचा हा खोका आणला. खोका सत्तरीच्या घरातला होता.

"कंट्रोलर नवा आणि तोच बिघडतो. हा म्हातारा कसा टिकेल?" कृत्तिकानं विचारलं.

"नव्या चिपमधला एकेक स्विच म्हणजे रांगोळीची रेघ समज. सूर्याचा एक कण लागला तरी बंदचा चालू होतो. ह्याच्या चिपमधले स्विच म्हणजे रस्त्यावर चुन्यानं मारलेला पट्टा. फुंकरीनं पुसला जात नाही."

आता या खोक्यासाठी प्रोग्राम लिहायचा तर त्याच्यावर बसून लिहिता येत नव्हता. त्याला ना कीबोर्ड, ना प्रोग्राम साठवायला जागा. लिहायचं खोलीतल्या मोठ्या कॉम्प्युटरवर, चालवायचं खोक्यात. त्यासाठी टूलचेन लागते (एकानं आपलं काम संपवून पुढच्याच्या हातात द्यायचं, अशी प्रोग्रामांची साखळी). ती जुळवायला दोघींनी दोन महिने घातले होते, कारण त्यांना एक खेळ बनवायचा होता. खेळात एक म्हैस चंद्रावर उड्या मारणार होती. अजून ती नुसती उभीच होती.

साखळीतला पहिला होता कम्पायलर (माणसानं लिहिलेल्या ओळी चिपच्या आकड्यांत उतरवणारा अनुवादक). त्यानं अकरा दिवस छळलं. कारण मोठा कॉम्प्युटर अनुवाद करून द्यायचा तो स्वतःच्याच चिपच्या भाषेत. जुन्या चिपला ती भाषा येत नाही. तिला मोजून छप्पन्न शब्द येतात, त्यात गुणाकाराला शब्दच नाही. म्हणून बसायचं एका यंत्रावर आणि अनुवाद करायचा दुसऱ्यासाठी, असा खास कम्पायलर शोधून बसवावा लागला.

दुसरा लिंकर (प्रोग्रामच्या प्रत्येक तुकड्याला राहायची जागा नेमून देणारा). वीज मिळताच कन्सोल प्रोग्रामच्या शेवटच्या दोन-चार घरांत (आकडा ठेवायच्या जागांत) डोकावतो. कुठून सुरुवात करायची तो पत्ता तिथं लिहिलेला असतो. तो एक पत्ता चुकला म्हणून आठ दिवस पडदा काळा राहिला होता.

तिसरा एम्युलेटर (एका यंत्राच्या पोटात दुसऱ्या यंत्राचं सोंग आणणारा प्रोग्राम). हाच तो नकली कन्सोल. इथं चूक झाली तरी काही फुटत नाही. आणि शेवटी प्रोग्राम कार्ट्रिजमध्ये (कन्सोलमध्ये खोचायच्या डबीत) उतरवायचा.

आज म्हशीला बाजूला ठेवून कृत्तिकानं दोन झाकणांचा प्रोग्राम लिहिला. मावशीनं खेळाच्या बटणांच्या सॉकेटला वायरी जोडल्या. झाकण पूर्ण लागलं की एक स्विच दाबला जायचा; कन्सोलला वाटायचं, कुणीतरी बटण दाबलं. मग तो पुढची चाल खेळायचा, म्हणजे दुसऱ्या झाकणाची मोटर फिरवायचा. खऱ्या झाकणांच्या जागी आत्ता टेबलावर दोन बल्ब लावले होते. डावा म्हणजे आतलं झाकण उघडं, उजवा म्हणजे बाहेरचं.

एम्युलेटरमध्ये डावा, उजवा, डावा, उजवा. सतरा वेळा.

खऱ्या कन्सोलमध्ये पहिल्यांदा दोन्ही बल्ब एकदम लागले.

ते दोन पिवळे दिवे बघून कृत्तिका खुर्चीतून उठली. ते नुसते दिवे होते, पण तिला माहीत होतं ते कशाचे. मावशीनं हात लांब करून वीज बंद केली. दुसऱ्यांदा एकही बल्ब लागला नाही. तिसऱ्यांदा उजवा लागला आणि लागलेलाच राहिला. चौथ्यांदा पुन्हा दोन्ही.

"वायरीचा डाग सुटला असेल," म्हणून मावशीनं सगळ्या जोडांना पुन्हा डाग दिले. त्यात वीस मिनिटं गेली. आईनं त्यात पाच वेळा झाकणं फिरवली. कार्ट्रिजचे पाय पुसले. काही फरक नाही.

कृत्तिकानं वहीत सगळ्या खेपा लिहिल्या होत्या. ती वहीकडं बघत राहिली. "मावशी, हा दर वेळी वेगळं चुकतोय."

"तेच मला टोचतंय. चूक प्रोग्रामात असती तर ती ठरल्या वेळी आली असती. तुझ्या आईच्या शिंकांसारखी, सकाळी सहा वाजता, पाच."

"म्हणजे प्रोग्राम बरोबर आहे?"

"म्हणजे तो दर वेळी वेगळ्या ठिकाणाहून निघतोय. का ते मला कळत नाहीये, कृतू." मावशीनं कपाळ चोळलं.

चार मिनिटं झाली. फोन गप्प होता.

पाच झाली. मावशी उठून फोनपाशी गेली. "गार्गी?"

फोनमधून नुसती खरखर. साडेपाच. सहा. मावशीनं सूटकडं हात नेला.

"हं. उघडलं," आईचा आवाज आला, दम लागलेला. "चाक अडकलं होतं. दोन्ही पायांनी ढकललं."

कृत्तिकानं मावशीच्या हातातून फोन घेतला. "आई, ठेवू नकोस. बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. कुठलंही. फक्त बोल."

आईनं दम घेतला. मग म्हणाली, "तुझे आजोबा एसटीत होते. दर दोन वर्षांनी बदली. सात गावं, सात भाड्याच्या खोल्या. आटपाडीच्या खोलीत गेलो ना, तेव्हा कपाटात आधीच्यांची एकच चप्पल. डावी. फळीवर ओल्या मिठाची बरणी, कोनाड्यात अर्धी केरसुणी आणि मुंग्या. माझी आई टेम्पोवाल्याला सामान आत आणूच देईना. आधी केर, मग सामान. तो बिचारा उन्हात..."

"पण त्यांनी रिकामी करून का नाही दिली?"

फोनमध्ये आई हसली. खूप थकलेलं हसू. "तिकडं कुणी देत नाही, राणी. ही इथलीच पद्धत."

इथली पद्धत खरंच तशी होती. चंद्रावर जागा आणि वस्तू इतक्या थोड्या की सगळंच हातोहात फिरायचं. त्यामुळं खोली असो, डबा असो, सूट असो, दुसऱ्याला देताना तो रिकामा करून, पुसून द्यायचा. वजनकाटासुद्धा शून्यावर आणून. बोलायला लागलेल्या मुलालाही हे शिकवत. इथंच जन्मलेल्या कृत्तिकानं अकरा वर्षांत एकही डबा असा उघडला नव्हता की ज्यात आधीच्याचं काही सापडलं. हाती आलेली वस्तू रिकामीच असते, हे तिला कुणी सांगितलंही नव्हतं. ते तिला हवेइतकं सरळ वाटायचं.

तिनं फोन मावशीच्या हातात दिला आणि पडद्यावरची आपली पहिली ओळ वाचली. *मेमरीतला झाकणाचा खाना शून्य असेल, तर दोन्ही बंद आहेत असं समज.*

"मावशी, वीज चालू झाल्या झाल्या कन्सोलच्या मेमरीत काय असतं?"

"काही नाही. शून्य."

"कुणी सांगितलं?"

चंद्रावर वीस वर्षं काढलेली मावशी खुर्चीत हळूच टेकली. "कुणीच नाही," ती म्हणाली.

मेमरी (चालू असताना यंत्रानं गोष्टी लक्षात ठेवायची जागा) या कन्सोलमध्ये होती दोन हजार अठ्ठेचाळीस खान्यांची. प्रत्येक खान्यात आठ छोटे स्विच. वीज नसताना ते कडेवर उभ्या केलेल्या कॅरमच्या सोंगट्यांसारखे असतात. वीज आली की कुठल्यातरी एका बाजूला पडतात: कुणी शून्य, कुणी एक. कुठं पडायचं ते त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. म्हणजे आत कचरा असतो, आणि दर वेळी जरा वेगळा. एम्युलेटर मात्र कुणा शिस्तीच्या माणसानं लिहिला होता. तो प्रत्येक खाना पुसून, शून्य करून हातात देत होता.

"बघू या खरं आहे का," कृत्तिका म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच बारीक वाटला. एम्युलेटरमध्ये एक सेटिंग होतं: सुरुवातीला मेमरीत काहीबाही भरा. तिनं ते चालू केलं.

नकली कन्सोलमध्ये दोन्ही दिवे एकदम लागले. अगदी खऱ्यासारखे.

एवढा भीतिदायक देखावा बघून कुणाला इतकं बरं वाटलं नसेल.

मग तिनं प्रोग्रामच्या अगदी वर चार ओळी लिहिल्या: पहिल्या खान्यात शून्य ठेव, पुढच्या खान्यावर जा, संपेपर्यंत हेच कर, आणि दोन्ही झाकणं लागल्याची बटणं स्वतः तपासल्याशिवाय काहीही उघडू नकोस. कम्पायलर, लिंकर, एम्युलेटर, कार्ट्रिज. जी साखळी जोडायला दोन महिने लागले होते, तिच्यातून नवा प्रोग्राम अर्ध्या मिनिटात बाहेर आला. मावशीनं कार्ट्रिज खोचलं.

डावा. उजवा. डावा. उजवा.

"परत," मावशी म्हणाली. वीज बंद, वीज चालू. बारा वेळा. बाराही वेळा तसंच.

मावशीनं कन्सोल छातीशी धरला आणि सूट चढवायला घेतला.

"तुझा बिल्ला लाल आहे," कृत्तिका म्हणाली.

"लाल झालेल्याला आणखी काय लाल करणार?"

"मी जाते. मी पळत जाईन."

"तू फोनवर राहायचंस." मावशीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, जरा जास्तच जोरानं. "नऊ मिनिटांत परत येते."

खोलीत आता ती एकटी होती. फोनमधून बोगद्यातली पावलं ऐकू आली, मग आईचं रागावणं: "तू कशाला आलीस?" मावशीचं उत्तर: "चहा आणलाय. सरक." वायरींचा खुडबुड आवाज. मग चाकं सोडल्याचा, आणि कन्सोलच्या बटणाचा.

"चालू केलाय," मावशी म्हणाली. "पहिली पाळी चार मिनिटांनी. आम्ही थांबून बघतो."

चार मिनिटं. त्या छताखाली, दोघी.

तिचं चुकलं असेल तर चार मिनिटांनी दोन्ही झाकणं उघडतील. त्या तिथं असल्या तर चाकाला हात घालतील. निघाल्या आणि चुकलं, तर कुणाच्या हातात काही उरणार नाही. तिनं मनात प्रोग्राम पहिल्या ओळीपासून वाचला. सगळे खाने शून्य. बटण तपास. मगच उघड. पुन्हा वाचला. कुठं काही गृहीत धरलंय का ते शोधलं. सापडलं नाही.

"थांबू नका," ती म्हणाली. "निघा."

"कृतू, तुला नक्की..." आई म्हणाली.

"मला खूप भीती वाटतेय, आई. पण प्रोग्राम बरोबर आहे. फोन तसाच ठेवा आणि निघा."

मग पावलं लांब लांब जात गेली.

तिनं फोन कानाशी दाबून धरला. पंपघरात आता कुणी नव्हतं, नुसती मोटर गुणगुणत होती. मग एक जड ठोका: आतलं झाकण लागलं. नंतर काहीच नाही. कन्सोल बटणाची वाट बघत होता. हा क्षण तिच्या अंदाजापेक्षा फार लांब होता. आणि मग बारीक सुस्कारा, बाहेरचं झाकण उघडल्याचा. आधी बंद, मग उघड.

दार उघडून दोघी आत आल्या तेव्हा ती जमिनीवर बसलेली होती, फोन मांडीत. आईचा बिल्ला तिनं पहिल्यांदा बघितला. नारिंगी, कडेनं लालसर.

मोठ्या तळावरच्या डॉक्टरांनी केबलवरून सगळं विचारून घेतलं. दोघींनी वर्षभर पृष्ठभागावर पाऊल ठेवायचं नाही, दर महिन्याला रक्ततपासणी. "वर्षभर घरात," आई म्हणाली. "दगड आता तूच आणून द्यायचेस." मग ती खाटेवर आडवी झाली. "तो प्रोग्राम दाखव मला."

कृत्तिकानं पडदा तिच्याकडं वळवला. आईनं वरच्या चार ओळींवर बोट ठेवलं. "हे काय?"

"हे सगळ्यात आधी. कारण यंत्र चालू होतं तेव्हा ते रिकामं असतंच असं नाही. नकली यंत्र आपल्याला रिकामं करून देतं, म्हणून तिथं चूक दिसत नाही. खरं यंत्र देत नाही. मग प्रत्येक खाना आपण स्वतः..."

आईचे डोळे मिटले होते. तिचा श्वास संथ चालला होता. कृत्तिकानं आवाज खाली आणला, पण ती थांबली नाही. दोन हजार अठ्ठेचाळीस खाने कसे पुसतात ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं.

"झोपली ती," मावशी कुजबुजली. "कुणाला सांगतेस?"

"मलाच. अर्धं सोडलं तर मी विसरेन."

मावशी तिच्याशेजारी येऊन बसली. "मोठ्या तळावरून निरोप आहे. त्यांचेही कंट्रोलर गेलेत, तिथंही माणसं आळीपाळीनं चाकं फिरवतायत. त्यांना आपला प्रोग्राम हवाय. पण त्यांच्याकडं असा कन्सोल नाही. एक जुनं कपडे धुवायचं यंत्र आहे म्हणे. त्यातली चिपही जाड पट्ट्यांची आहे, पण वेगळी."

कृत्तिकाला चाकं फिरवणारी ती माणसं दिसली, आणि त्यांचे बिल्ले. तिला पुन्हा भीती वाटली. पण ह्या वेळी तिच्याबरोबर विचारही सुरू झाला.

"चिप वेगळी, म्हणजे कम्पायलर दुसरा लागेल," ती हळूहळू म्हणाली. "आणि लिंकरला तिच्या घरांचे पत्ते लागतील. झाकणांचा प्रोग्राम तोच राहील. साखळीच्या दोनच कड्या बदलायच्या." तिनं वहीचं कोरं पान काढलं. "त्यांना विचार, चिपवर नंबर काय लिहिलाय. आणि चालू करताना तिच्या मेमरीत काय असतं, ते अंदाजानं सांगू नका म्हणावं. बघून सांगा."

मावशीनं फोन उचलला.